जुनी ली-एनफिल्ड रायफल: सरप्लस (लष्कराच्या उरलेल्या जुन्या) गोळ्या की हँडलोड (स्वतः हाताने भरलेल्या)?

डबे फोडायचे असतील तर सरप्लस चालेल, ग्रुप (सगळ्या गोळ्या जवळजवळ लागणं) हवा असेल तर हँडलोडच. सरप्लसमध्ये प्रत्येक लॉटचा वेग वेगळा, वर जुन्या प्रायमरमधलं, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीतलं, मीठ बॅरलला गंज लावतं, म्हणजे रेंजवरून आलं की गरम पाण्याने धुणं आलंच.

हँडलोडचा खरा फायदा मापात आहे, युद्धकाळातल्या बॅरल आतून .311 च्या नावाखाली .314 इंचापर्यंतही निघतात, त्यामुळे आधी मऊ शिशाची गोळी बॅरलमधून ठोकून माप घ्या आणि त्याप्रमाणे बुलेट (गोळीचा पुढे उडून जाणारा भाग) निवडा, झिजलेल्या बॅरलला 174 ग्रेन वजनाची सपाट बुडाची बुलेट बोट-टेलपेक्षा (मागे निमुळती) बहुतेकदा जास्त मानवते. केस (गोळीची पितळी नळी) फक्त नेक-साइझ करा, म्हणजे तिची मान तेवढी मापात दाबा; चेंबर (गोळी बसते ती जागा) ढगळ असतं हो, फुल-साइझ (पूर्ण केस दाबून) केली की लवकर फाटते. पावडर (दारू) मात्र मॅन्युअलमधल्या कमीत कमी लोडपासूनच वाढवत न्या.