कॅमेरा घेऊन कुठे: तलावपाळी की बेलापूर-नेरूळ?

एक रविवार आणि एकच लेन्स असेल तर मी ठाणेच म्हणेन. स्टेशनवरून चालत तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, शेजारी कोपिनेश्वर मंदिर, मग जांभळी नाक्याचं मार्केट, सगळं पायीपायी होतं आणि ३५ एमएमच्या लेन्सवर भागतं. सकाळी लवकर गेलात तर फुलवाल्यांच्या टोपल्यांवर तिरपं ऊन पडतं, झेंडूवर पाणी मारतात तेव्हा थेंब असे चमकतात की शटर स्पीड वाढवावाच लागतो. फक्त आधी विचारा हो, "मावशी, एक फोटो काढू का?" एवढंच, बहुतेक जणी हसूनच हो म्हणतात.

नवी मुंबईचं गणित वेगळं. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ८० च्या दशकात डिझाइन केलेलं, छोट्या घरांचे गट मधल्या अंगणाभोवती, पण आता बऱ्याच घरांवर मजले चढलेत, मला तर तेच टिपायला जास्त मजा येते. नेरूळला फ्लेमिंगो हवे असतील तर हिवाळा ते मे, आणि भरतीची वेळ बघूनच निघा, खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की ते तलावांकडे सरकतात. तिथे लांबचं जवळ आणणारी ३०० एमएमची लेन्स तरी पाहिजेच, मोबाईलवर नुसते गुलाबी ठिपके येतात.