पेनड्राइव्ह, सामायिक फोल्डर की लोकलसेंड?

लग्नाचा ९ जीबीचा व्हिडिओ, पेनड्राइव्हवर ५० जीबी मोकळी, तरी विंडोज म्हणे फाइल फार मोठी आहे. अडचण जागेची नव्हतीच. ड्राइव्ह फॅट३२ या फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीचा होता आणि त्यात ४ जीबीच्या पुढची फाइल मावत नाही. विंडोजचा डेस्कटॉप, बायकोचा मॅक आणि माझा लिनक्स लॅपटॉप अशा आमच्या संसारातली ही पहिली ठेच.

मोठा ऐवज एकदाच न्यायचा असेल तर आजही ड्राइव्हच बरा, फक्त एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करून (आधी आतलं सगळं काढून ठेवा, पुसलं जातं). विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचा ड्राइव्ह मॅक नुसता वाचतो, त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटवर तिघंही लिहितात; लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) तो २०१९ च्या ५.४ पासून आहे. मात्र त्यात जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नसतं, त्यामुळे ‘इजेक्ट’ न करता ड्राइव्ह उपटायची सवय इथे महागात पडते.

रोजची ये-जा असेल तर एसएमबी या नेटवर्कवरून फाइली वाटायच्या पद्धतीचा सामायिक फोल्डर. विंडोजवर फोल्डर शेअर करायचा, मॅकच्या फाइंडरमध्ये कमांड-के दाबून त्या विंडोज यंत्राचा पत्ता द्यायचा. पहिल्या दिवशी हमखास अडतं ते पासवर्डापाशी: विंडोजचा पिन तिथे चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. वेगही बघा. राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे (हे मेगाबिट; ८ बिटांचा एक बाइट) असतील तर सेकंदाला जेमतेम १२ एमबी, म्हणजे ५० जीबीला तासाहून जास्त.

फोनवरचे चार फोटो, एखादी पीडीएफ एवढंच असेल तर लोकलसेंड हे ॲप झकास. खातं नको, इंटरनेट नको. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर हवीत. गेस्ट वायफायवर बहुधा एकमेकांना दिसत नाहीत.

आता नावांची भानगड. फाइलच्या नावातलं प्रश्नचिन्ह लिनक्सला चालतं, विंडोजला नाही. आणि मराठी नावं असतील तर आणखी गंमत: मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि नुक्ता (खालचं टिंब) असा वेगवेगळा साठवते. मॅकवरून आरसिंक या कॉपी करायच्या आज्ञेने लिनक्सवर आणलेली ‘कऱ्हाड’ फाइल मला समोर दिसत होती, पण टर्मिनलमध्ये तेच नाव (जोडलेल्या ‘ऱ’ने) टाइप केलं की उत्तर यायचं, अशी फाइलच नाही! शेवटी कॉन्व्हएमव्ही ही नावं बदलणारी आज्ञा एनएफसी (फोडलेली अक्षरं जोडणाऱ्या) पर्यायासह चालवून नावं जोडून घेतली. ती आधी काय बदलणार ते नुसतं दाखवते, ‘नोटेस्ट’ म्हटल्याशिवाय हात लावत नाही.