नानांची खालची कवळी: साधी की इम्प्लांटवरची?

चोपड्याच्या नानांचे खालचे सगळे दात गेलेत. साधी कवळी करावी की दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रुजवायचे धातूचे स्क्रू) बसवून त्यांवर अडकणारी, हे त्यांचं ठरत नाहीये.

खर्चात साधी कवळी कितीतरी स्वस्त. चार-पाच फेऱ्यांत होते, चिरफाड नाही. धुळ्याच्या दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी आणखी कमी पैशांत होऊ शकते.

खरा फरक पकडीत आहे. वरची कवळी टाळूला चिकटते. खालचीला तो आधार नाही, शिवाय जीभ तिला सारखी उचलते. कळण्याची भाकरी चावताना ती हलते, भरीत-वांग्याच्या बिया खाली शिरून हिरडी सोलवटते. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजतच राहतं, म्हणून आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी ढिली होते आणि आतून अस्तर भरावं लागतं. इम्प्लांटभोवती हाड बरंच टिकतं. 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हीच पहिली पसंती ठरवली होती.

पण इम्प्लांट हाडात रुजायला साधारण तीन महिने लागतात. कवळीच्या आतल्या, इम्प्लांटला पकडणाऱ्या रबरी रिंगा झिजल्या की बदलाव्या लागतात. कवळी कुठलीही असो, रात्री काढून पाण्यात ठेवायचीच.

साखर आटोक्यात नसेल, तंबाखू सुटत नसेल किंवा वारंवार दवाखाना जमणार नसेल, तर साधीच बरी. नानांची साखर ताब्यात आहे, भाकरीवर जीव आहे. कापसाचे पैसे हाती आले की त्यांनी खाली इम्प्लांट करावेत. वरती कवळी लागलीच, तर साधी पुरेल.