इंदूरमध्ये दारू सोडायचीय, कोणत्या मीटिंगला बसावं?

दारू सोडू पाहणारे एकत्र बसून बोलतात त्या पहिल्या मीटिंगला जाताना माझ्या पोटात गोळा आला होता तो एकाच विचाराने, तिथे कोणी ओळखीचं निघालं तर? आपलं इंदूरचं मराठी जग तेवढंसंच, लग्नाला तीच माणसं, गणपतीत आरतीला तीच माणसं. म्हणून घर सुदामानगरला असून मी मुद्दाम विजयनगरकडची मीटिंग धरली.

त्याआधी एक सांगतो, हे आधी वाचा. सकाळी उठल्याउठल्या लागत असेल, नाही घेतली की हात थरथरत असतील, तर घरी एकदम बंद करू नका, आधी डॉक्टर. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जाऊ शकतो, जिवावर बेततं. मीटिंग त्यावरचा इलाज नाही, मीटिंगचं काम त्यानंतर सुरू होतं.

आता जवळची की लांबची. लांबच्या मीटिंगला मी चार वेळा गेलो, पाचव्या वेळी ट्रॅफिक, सहाव्या वेळी पाऊस, आणि खरं सांगायचं तर मला कारणच हवं होतं. मग घराजवळच्या ग्रुपमध्ये गेलो आणि ज्याची भीती होती तेच झालं, बाबांच्या ओळखीचे एक काका समोरच्याच खुर्चीवर. त्यांनी नुसता हात धरून शेजारी बसवलं. आज सहा वर्षं झाली, बाहेर कुठे भेटले तर नमस्कार करतात, बाकी एक अक्षर नाही. अहो, ते पण त्याच खोलीत बसलेले असतात ना, त्यांचंही गुपित तेच. म्हणून माझं मत जवळचीच, आणि वेळ तुमच्या पिण्याची. मी सातला बसायचो, तर सातची मीटिंग. २०२३च्या एप्रिलपासून मध्य प्रदेशात अहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद झाले, पण पिणं गाडीत आणि गच्चीवर गेलं, संध्याकाळचे ते दोन तास तसेच राहिले, आणि सकाळच्या मीटिंगने ते भरत नाहीत.

प्रकाराचं म्हणाल तर एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, हे १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच सुरू केलं. फी नाही, शेवटी पिशवी फिरते, ज्याला टाकायचे तो टाकतो. अट एकच, पिणं सोडायची इच्छा. एक जण बोलतो, बाकी ऐकतात, मधे कोणी सल्ला देत नाही, आणि पहिल्या दिवशी नुसतं ऐकून आलात तरी चालतं. एएचा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा, त्यांमध्ये देव येतो, पण 'ज्याला जसा समजला तसा', माझ्या ग्रुपमध्ये देव न मानणारे दोघं आहेत. स्मार्ट रिकव्हरी १९९४पासूनची, तिथे उच्चशक्ती नाही, स्वतःला दारुडा म्हणवून घ्यायचं नाही, दिवस मोजण्यावर भर नाही. इच्छा झाली की डोक्यात काय विचार येतो, तो कसा तपासायचा, ते कागदावर शिकवतात आणि एकमेकांशी चर्चा होते. मी ऑनलाइन बसलो होतो, इंग्रजीत, कागदी काम आवडणाऱ्याला खरंच छान आहे. पण स्पॉन्सर नाही. एएमध्ये जुना मेंबर तुमचा स्पॉन्सर होतो, आणि रंगपंचमीच्या दिवशी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून घरी आल्यावर माझा जीव कासावीस झाला तेव्हा मला कागद नको होता, फोन उचलणारा माणूस हवा होता. कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं होती, त्यात पूर्ण सोडून राहण्यासाठी एए आणि त्याच्या पायऱ्यांवरचे उपचार बाकी उपचारांच्या बरोबरीने, काही ठिकाणी सरस निघाले. तरी देवाचं नाव निघताच उठून यावंसं वाटत असेल तर स्मार्टला बसा, पण बसा.

भाषेचं मला आधी काहीच वाटलं नव्हतं, आपण बाहेर हिंदीच बोलतो. पण आई गेली त्या रात्री मी कुठे होतो हे सांगायची वेळ आली तेव्हा हिंदीत शब्दच फुटेना. मग महाराष्ट्रातली मराठी मीटिंग ऑनलाइन धरली आणि तिथे रडलो. तरी पहिले तीन महिने खोलीत, माणसांसमोरच बसा असं मी म्हणेन, कारण मोबाइलवर कॅमेरा बंद करता येतो आणि बाजूला ग्लास ठेवता येतो, मी ठेवलाय. मराठी ऑनलाइन त्याच्या जोडीला.

बायकोला बरोबर न्यायचं असेल तर ओपन मीटिंग बघा, क्लोज्डमध्ये फक्त पिण्याचा त्रास असलेलेच बसतात. पण तिच्यासाठी अल-अनॉन वेगळं आहे, घरच्यांचं, १९५१पासूनचं, आणि तुम्ही सोडायला तयार नसलात तरी ती तिथे जाऊ शकते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी सहचरी गट आहे. माझी बायको दोन वर्षं एकटीच रडत बसली, तिला हे कोणी आधी सांगायला हवं होतं.

एका मीटिंगवरून ठरवू नका, पाच-सहा बघा. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट. ग्रुपवाल्यांना फोन लावाल तेव्हा वेळ, भाषा, ओपन की क्लोज्ड एवढं विचारा. तुमचं पहिलं नाव सांगितलं तरी पुरतं.