नाथसागरात कयाकिंग, पक्ष्यांचे फोटो आणि माझे १७,५२० रुपये

"पैठणच्या नाथसागरात कयाकमधून पक्षी फोटोग्राफी, एक दिवस, माणशी १,९९९ रुपये, नाष्टा-जेवणासह" अशी जाहिरात तुमच्या मोबाइलवर आली असेल तर पैसे टाकायच्या आधी हे वाचा. माझे १७,५२० गेलेत. घरी अजून १४,८४७ च माहीत आहेत.

पद्धत तीच, तुम्हाला ठाऊक असलेली. आधी ॲडव्हान्स, मग परवानगीचे, मग "पूर्ण परत मिळणारं" डिपॉझिट, आणि ते परत मिळावं म्हणून आणखी थोडे. अशा बातम्या वाचून मीच मेहुण्याला म्हणायचो, लोक फसतात तरी कसे? आता तो मला विचारतो. बरं, ट्रिपला निघालेल्या आम्हा तिघांतला एक तोच होता, पण पैसे माझ्या खात्यातून गेले म्हणून अक्कलही माझीच निघते.

पण त्या जाहिरातवाल्या माणसाचं फोनवरचं बोलणं ऐकलं असतं तर तुम्हीही पैसे टाकले असते. त्यानं पैशाचा विषय आधी काढलाच नाही. वजन किती, पोहता येतं का, कयाक (वल्ह्याची निमुळती होडी) एकट्याची हवी की दोघांची, कॅमेऱ्याला ड्राय बॅग देऊ का, असं विचारत बसला. "लेन्स ४०० मिमीची असेल तर भागेल, कयाकमधून कॅमेरा पाण्यालगत येतो, पक्षी डोळ्याच्या पातळीवर मिळतो." खरंच आहे ते. "धरणाच्या भिंतीकडे पाठ करून पश्चिमेला निघायचं, सकाळचा उजेड पाठीशी राहतो." तेही खरं. पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, नदी सुरय ही नावं त्यानं घडाघडा घेतली. थंडीत हे सगळे तिथं असतातच. पट्टकादंब म्हणणारा माणूस भामटा असेल असं कुणाच्या मनात येईल?

तिघांचे ५,९९७ मी त्याच रात्री टाकले. दुसऱ्या दिवशी "वन परवानगी व कॅमेरा शुल्क" म्हणून १,३५०. सोबत शिक्का मारलेलं पत्र, त्यात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा उल्लेख. जायकवाडी, म्हणजे हाच नाथसागर, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि अभयारण्यात शिरायला परवानगी लागते, हे मला माहीत होतं. म्हणून तर पटलं. सरकारी शुल्क कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर कसं जातं, हे मात्र विचारलं नाही. पैसे टाकताना स्क्रीनवर नाव आलं ते भलत्याच बाईचं. "अकाउंटंट मॅडम आहेत," म्हणाला. तुम्हाला असं कुणी म्हणालं की तिथंच थांबा.

पण खरी जळफळाट होते ती त्या फोटोची. डिपॉझिटचे ७,५०० मागताना त्यानं "कालच्या बॅचचा" फोटो पाठवला होता. पिवळी कयाक, लाइफ जॅकेट घातलेली दोन माणसं, मागं गर्द हिरवी झाडी. मी तो मोठा करून पाहिला. का, तर पुढच्या माणसाच्या हातातली लेन्स कुठली ते बघायला! आणि त्या झाडांखाली चिखलातून बोटा-बोटाएवढी श्वासमुळं वर आलेली. खारफुटी. पैठणला! समुद्रापासून इतक्या लांब, गोदावरीच्या गोड्या पाण्यात! नाथसागराचा काठ कुणीही पाहिलाय: उघडा गाळपेरा, बाभळी, बेशरमाची झुडपं. मी पोरांना श्वासमुळं म्हणजे काय ते शिकवतो हो, शाळेत. पाचवी ते आठवी, विज्ञान. आणि मी लेन्स बघत बसलो. तो फोटो अजून फोनमध्ये आहे, डिलीट करायचा धीर होत नाही. जाहिरातीतला फोटो आधी गुगल लेन्समध्ये टाकून बघा, हे आता सगळ्यांना सांगत फिरतो.

ठरलेल्या पहाटे आम्ही जालन्याहून गाडी काढून काठावर पोहोचलो. फोन बंद. जाळी आवरणारे एक काका म्हणाले, "तुमच्यावाणी मागच्या आठवड्यात बी आलते दोघं-तिघं. कोण पाठवायलंय तुम्हाला इकडं?" उजाडल्यावर लांब पाण्यावर पट्टकादंब होते. मेहुण्यानं फोटो काढले. मी नाही.

दुपारी त्याचाच मेसेज. ट्रिप तांत्रिक कारणानं रद्द, रिफंडची फाइल उघडायला २,६७३ भरा, सगळे एकदम परत. भरले. १४,८४७ अडकलेले असताना तुम्हीही भरले असते. पैसे घेण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही, हे पोरांनाही कळतं. मला त्या तासात कळलं नाही.

मग खरी वरात सुरू झाली. एका ठाण्यात म्हणाले, पैसे जिथून पाठवले तिथं जा. तिथं म्हणाले, घटना जिथं घडली तिथं जा. घटना कुठं घडली? माझ्या हॉलमधल्या सोफ्यावर! गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंदवता येतो असं म्हणालो, तर साहेब म्हणाले, "गुरुजी, कायदा आम्हाला शिकवू नका." एकानं रक्कम ऐकून "एवढीच?" म्हटलं. माझ्यासाठी तो मुलीच्या क्लासचा हप्ता आहे. बँकेत तर साहेबांनी मान वरही केली नाही: पिन तुम्हीच टाकला, व्यवहार अधिकृत आहे, अर्ज देऊन जा. अर्ज दिला. पोच मागितली तर "पोच कशाला?" पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आणि ठाण्याच्या पायऱ्या चढायच्या आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, लगेच, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यात सरकले की हाती काही लागत नाही. मी लाजेपायी दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प बसलो.

स्क्रीनशॉट, यूटीआर (व्यवहाराचा) नंबर, चॅट काही पुसू नका. अभयारण्यात जायचं तर आधी वन खात्याच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, पावती तिथूनच घ्या.

तक्रारीचं स्टेटस अजून "प्रक्रियेत" आहे. तो नंबर परवा पुन्हा सुरू झालाय. डीपीला आता रोहित पक्ष्यांचा थवा आहे आणि खाली लिहिलंय: भिगवण, उजनी बॅकवॉटर, माणशी २,१९९. तिकडे जाणारं कुणी ओळखीचं असेल तर आजच फोन करा.