भंडारदऱ्याचा 'लेक टच' तंबू आणि साडेतेरा हजारांचा चुना

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. "पिन कुणाला सांगू नका, कुठेही टाकू नका" हे वाक्य दिवसातून दहादा माझ्या तोंडून जातं. तेव्हा हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काजवे बघायला भंडारदऱ्याला जायचं ठरलं. नऊ माणसं, त्यात सासूबाई आणि तीन पोरं. इन्स्टाग्रामवर एक जाहिरात सापडली. पाण्याला लागून पिवळे तंबू, शेजारी वाकडं जांभळीचं झाड. माणशी १,५०० रुपयांत जेवण, नाश्ता, रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापर्यंत बोट, रात्री काजवे आणि छत्री धबधबा. फोनवरचा मुलगा इतका गोड बोलला की जाऊबाई म्हणाल्या, "संस्कारी वाटतो गं." निम्मे, म्हणजे ६,७५० रुपये आगाऊ भरले. भरताना नाव कँपचं न येता कुणा बाईचं आलं. "आईचं खातं आहे ताई," म्हणाला. मी 'बरं' म्हटलं!

खरं तर त्याची लबाडी तिथेच कळायला हवी होती. "छत्री धबधबा रोज चालू, गॅरंटी," असं तो म्हणाला होता. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं, तरच ते खालच्या गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं. पाणी कधी सोडायचं ते पाटबंधारे खातं ठरवतं, तंबूवाला नाही. काजव्यांचंही तसंच. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं लुकलुकतात, पण जोराचा पाऊस लागला की खेळ आटोपतो. त्याची गॅरंटी कोण देणार? हे सगळं मला माहीत होतं, पण सुट्टीच्या घाईत डोकं गहाण पडलं होतं.

घोटीवरून बारी, पुढे शेंडी. लोकेशन आम्हाला मुरशेतजवळच्या एका खाचरात घेऊन गेलं. समोर तलाव होता, तंबू नव्हता. बांधावर एक म्हातारे मामा बसले होते. गाडीकडे बघूनच म्हणाले, "ताई, आजची तुमची तिसरी गाडी."

फोन लावला तर लागला, हेच नवल. "सॉरी ताई, आज ओव्हरबुकिंग झालंय. पूर्ण रिफंड देतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा." रेंज एका दांडीची, पोरं भुकेने किरकिरतायत, सासूबाई गाडीतून "काय झालं?" विचारतायत. मी स्कॅन केलं. स्क्रीनवर ६,७५० आकडा आधीच भरलेला होता, अगदी आपलाच. मी पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो, हे मी ज्यांना समजावते ते ग्राहक मला त्या क्षणी एकेक करून आठवले.

मोबाईल कानाला लावून बांधावरच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला तक्रार केली. दुसरी रक्कम गेल्याला वीसच मिनिटं झाली होती, म्हणून ती समोरच्या बँकेने होल्डवर टाकली. हातात अजून आलेली नाही. पहिली रक्कम केव्हाच पुढे काढून घेतली होती. सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवताना व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक लागतो. तो स्क्रीनशॉटमध्ये दिसेल असा आधीच जपून ठेवा. त्या मुलाने चॅट पुसून टाकलं होतं, माझ्याकडे फोटो काढलेले होते म्हणून बरं.

मामांनी शेजारच्या वाडीत फोन करून एकाला बोलावलं. त्याच्याकडे गेलो तर तेच पिवळे तंबू, तीच वाकडी जांभळ! फोटो याचे चोरलेले होते. "लोक येऊन मलाच शिव्या देतात," म्हणाला. नऊ जणांना दोन तंबूंत कोंबलं, पिठलं-भाकरी दिली. धबधबा कोरडा होता. काजवे मात्र दिसले, तेही हेडलाइट बंद करून अर्धा तास गप्प बसल्यावर.

सकाळी निघताना खाचराच्या वळणावर ठाणे पासिंगची एक गाडी उभी होती. आतली बाई मोबाईल उंच धरून रेंज शोधत होती. मामा काठी टेकत तिच्याकडे निघाले होते.