हिचला लावायचा शॅकल ब्लॉक: टोमॅटोच्या एका हंगामानंतर

ओतूरच्या बाजूला आमची शेती. टोमॅटोचा तोडा सुरू झाला की रोज पिकअप शेतावर येतात, कॅरेट भरतात आणि नारायणगावच्या बाजाराकडे निघतात. माळशेजच्या अंगानं पाऊस लागून राहिला की आमची पाणंद गुडघाभर चिखलाची होते आणि आठवड्यातून एखादी गाडी रुततेच. आजवर आम्ही ट्रॅक्टर आणायचो, मिळेल ती तार बांधायचो आणि ओढायचो. गेल्या वर्षी ती तार तुटली. तिचं टोक पिकअपची पुढची काच फोडून थेट ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीला लागलं. ड्रायव्हर त्या क्षणी हँडब्रेक सोडायला खाली वाकला होता, म्हणून तो आज आहे. फाटलेलं सीट मी हातानं चाचपून पाहिलं, आणि त्या रात्रीच ठरवलं की आता ओढायचं सामान नीट समजून घ्यायचं.

माझ्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस, फोर-बाय-फोर पिकअप आहे. तिला मागे हिचचा दोन इंची चौकोनी रिसीव्हर, म्हणजे ओढायचं सामान अडकवायची नळी, बसवून घेतला आणि जूनपासून त्यात शॅकल ब्लॉक वापरतोय. म्हणजे त्या नळीत बसणारा लोखंडी ठोकळा, ज्याच्या टोकाला शॅकल, पिनेनं बंद होणारी यू आकाराची कडी, लागते. आठ महिन्यांत चौदा गाड्या काढल्या. बहुतेक बोलेरो पिकअप, तीन छोटा हत्ती, एक शेजाऱ्यांची कार.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. दुकानदारानं मला ट्रेलर ओढायचा गोळा दाखवला, म्हणाला, "दादा, यालाच दोरी अडकवा, सगळे तेच करतात." कृपा करून करू नका. गोळा ट्रेलरचं सरकतं वजन पेलायला असतो. रुतलेल्या गाडीचा हिसका त्याच्या मानेवर आडवा बसतो. मान तुटली की किलोभराचा लोखंडी गोळा ताणलेल्या दोरीबरोबर सुटतो आणि मागच्या गाडीतल्या माणसाकडेच जातो. आमची तार तुटली तेव्हा जे झालं, त्याहून हे वाईट.

दुसरा शॉर्टकट मी स्वतः करून पाहिला. ब्लॉक यायच्या आधी पट्ट्याचा फास रिसीव्हरच्या नळीत घातला आणि आडवी पिन टाकली. पिन १६ मिलीमीटरची. तिचं काम ब्लॉकला धरून ठेवायचं, म्हणजे जोर तिच्या दोन्ही कडांशी यायला हवा. पट्टा मात्र तिला मधोमध ओढतो. दुसऱ्याच गाडीला पिन केळ्यासारखी वाकली आणि नळीत अशी अडकली की हातोड्यानं ठोकून काढायला पाऊण तास गेला. पट्टा आत चिमटला तो वेगळाच.

ब्लॉकसाठी ऑनलाइन पहिला मागवला तो स्वस्त होता. हातात घेतल्यावर कळलं की त्यावर कसलाच आकडा नाही आणि शॅकलच्या भोकाची कड इतकी धारदार की नखानं ओढली तरी जाणवत होती. परत पाठवला. दुसरा घेतला तो भरीव पोलादाचा, भोकाच्या कडा गोल केलेल्या. पिनेची भोकं दोन्ही दिशांनी आहेत, त्यामुळे शॅकल आडवा हवा की उभा, ते ब्लॉक फिरवून ठरवता येतं. गाडी खालच्या वावरात आणि आपण वर बांधावर असलो की याचा फार उपयोग होतो.

शॅकल पाऊण इंची घेतला. त्यावर ४.७५ टन कोरलेलं आहे. ही रोजच्या कामाची मर्यादा, तुटण्याची नव्हे. चांगल्या बनावटीचा शॅकल तुटायला याच्या पाच-सहा पट जोर लागतो. माझ्या दोरीवर मात्र १३ टन लिहिलंय आणि तो आकडा तुटण्याचाच आहे. दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, हे मला आधी माहीत नव्हतं आणि विकणाऱ्यानंही सांगितलं नाही. मी जोडी मुद्दाम अशी लावली की तुटायचंच झालं तर शॅकलच्या आधी दोरी तुटावी, लोखंड उडू नये. रुतलेल्या गाडीच्या बाजूला तर लोखंडी शॅकल लावतच नाही. तिथे विणलेल्या दोरीचा सॉफ्ट शॅकल वापरतो. वजनाला काहीच नाही, पण धारेवर कापला जातो, म्हणून हुकाची कड बोट फिरवून बघायची.

दोरी नायलॉनची, २२ मिलीमीटर, नऊ मीटर. ती ताणली जाते आणि मग हळूहळू गाडीला ओढून घेते. तार ताणत नाही, म्हणून सगळा हिसका लोखंडावर येतो. पण ताणणारी दोरी आहे म्हणून पळत येऊन झटका द्यायचा, असं समजू नका. वेग दुप्पट केला की दोरीत भरणारी ऊर्जा चौपट होते. मी फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगानं निघतो. चौदापैकी नऊ गाड्या तर झटक्याशिवाय, नुसत्या ताणावर बाहेर आल्या.

त्याचं श्रेय फावड्याला. अमेरिकी सैन्यात वापरतात तो ठोकताळा मला फार पटला: चाकं बुडेपर्यंत गाडी रुतली तर तिच्या वजनाइतका अडथळा धरायचा, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट. आता आपल्या पिकअपचा हिशेब बघा. रिकामी पावणेदोन टन. वीस किलोचे पंचाहत्तर कॅरेट म्हणजे दीड टन. सव्वातीन टनांची गाडी मडगार्डपर्यंत गेली की साडेसहा टनांचा अडथळा, म्हणजे शॅकलवरच्या आकड्याच्या बाहेर. कॅरेट उतरवले की तोच साडेतीनवर येतो. चाकांपुढचा चिखल उपसला की आणखी कमी. पावसात पंचाहत्तर कॅरेट बांधावर काढून ठेवायला कोणालाच आवडत नाही, व्यापारी फोनवर फोन करत असतो. तरी मी आधी कॅरेट उतरवायला लावतो, मगच दोरी काढतो.

माझ्या सगळ्या सामानात कच्ची कडी रिसीव्हर आहे, हे मान्य करतो. त्याच्या पट्टीवरचा आकडा चाकांवर फिरणाऱ्या ट्रेलरसाठी आहे, चिखलातल्या हिसक्यासाठी नाही. म्हणून ऑगस्टमध्ये सहाचाकी आयशर भरल्या मालासकट रुतली तेव्हा मी नाही म्हणालो. मालक थोडे नाराज झाले. शेवटी जेसीबी आणून काढली.

ओढताना तिरकं ओढायचं नाही. ब्लॉक सरळ रेषेतल्या जोरासाठी असतो. बाजूनं ओढलं की नळीचं तोंड फाकायला बघतं. पाणंदीत सरळ जागा मिळत नाही, तेव्हा रुतलेल्या गाडीलाच आधी चिखल काढून सरळ करून घेतो. पिकअपच्या पुढचा एकच हुक भरवशाचा वाटला नाही, तर तिच्या चॅसिसच्या दोन्ही बाजूंना पट्टा लावून मध्ये दोरी जोडतो. हा पट्टा लांब हवा. आखूड असला की त्याचे दोन पाय फाकतात, आणि कोन १२० अंशांवर गेला की प्रत्येक पायावर पूर्ण ओढीइतका जोर येतो.

माणसं लांब ठेवणं हे खरं कठीण काम. आपल्याकडे गाडी रुतली की पंधरा जण जमतात आणि दोरीशेजारी उभे राहून सल्ले देतात. मी दोरीच्या दीडपट अंतर, म्हणजे तेरा-चौदा मीटर मोजून सगळ्यांना मागे घेतो, दोरीवर ओलं पोतं टाकतो, आणि तोवर गाडीत बसत नाही. वडीलधाऱ्यांना सांगायला आधी संकोच वाटायचा. आता "आबा, तेवढं बांधापलीकडे या" असं सरळ म्हणतो.

देखभालीचं थोडक्यात. पहिल्या महिन्यानंतर रिसीव्हरचे बोल्ट तपासले तर एक ढिला निघाला, तेव्हापासून दर महिन्याला पाना लावतो. ब्लॉक पावसाळाभर नळीतच ठेवला होता, तो गंजून बसला. आता काम झालं की काढून, ग्रीस लावून सीटखाली ठेवतो. तसाही बाहेर राहिला की खडखड करतो आणि मागून जाणाऱ्याच्या नडगीला लागतो. शॅकलची पिन हातानं घट्ट करून पाव आटा मागे घेतो, म्हणजे ओढल्यावर जाम होत नाही. दोरी प्रत्येक वेळी साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवतो, कारण वाळूचे कण आतले धागे कापतात आणि ओलं नायलॉन थोडं कमजोरही पडतं.

सामानात दोरीच सगळ्यात महाग पडली. तिच्या एका फासाजवळ आता बोटभर जागेत धागे फुलून आलेत. जूनच्या आधी नवी घेणार आहे. जुनी कापून कॅरेट बांधायला वापरेन, म्हणजे कोणी चुकून ती परत हिचला लावणार नाही.